नेटवर्क बूट: नुसतं टीएफटीपी की आयपीएक्सई आणि एचटीटीपी?

मशीन डिस्कऐवजी नेटवर्कवरून सुरू करायचं (नेटवर्क बूट) तर दोन मार्ग: टीएफटीपी, म्हणजे फाइली पाठवायची साधी पद्धत, किंवा आयपीएक्सई, म्हणजे एचटीटीपीनं (वेबच्या पद्धतीनं) फाइली आणणारा छोटा बूट प्रोग्रॅम. मांडणी सोपी हवी तर टीएफटीपी. डीएनएसमास्क या छोट्या सर्व्हर प्रोग्रॅममध्ये डीएचसीपी (मशीनला आयपी पत्ता आणि बूटची माहिती देणारी सेवा) आणि टीएफटीपी दोन्ही मिळतं, आणि राऊटरच्या डीएचसीपीला हात लावायचा नसेल तर प्रॉक्सी मोड आहेच: पत्ते राऊटरच देतो, डीएनएसमास्क फक्त बूटची माहिती देतं. आयपीएक्सईला वेब सर्व्हर, एक स्क्रिप्ट आणि डीएचसीपीत एक अट लागते: विचारणारा आयपीएक्सई असेल तर स्क्रिप्टचा पत्ता द्या, नसेल तर आयपीएक्सईची फाइल. अट राहिली की मशीन आयपीएक्सईच पुन्हा पुन्हा लोड करत बसतं. बघायला गंमत, निस्तरायला वैताग.

वेगात मात्र टीएफटीपी मार खातं. मूळ पद्धतीत 512 बाइटचा तुकडा जातो, पोच आली की पुढचा. कर्नलपुरतं (सिस्टिमच्या गाभ्यापुरतं) चालतं, शेकडो एमबीची इमेज (सिस्टिमची अख्खी फाइल) असली की ताटकळा. एचटीटीपी टीसीपीवर चालतं, असं अडत नाही.

फायरवॉलचंही तेच. टीएफटीपीची विनंती 69 पोर्टवर जाते, डेटा भलत्याच पोर्टवरून येतो, त्यामुळे फायरवॉल तो अडवू शकते.

चार मशीन, छोटी इमेज, एकच स्विच असेल तर टीएफटीपी पुरे. लॅबभर मशीन किंवा वेगळं सबनेट (नेटवर्कचा वेगळा भाग) असेल तर आयपीएक्सईच घ्या. फक्त सिक्युअर बूट (सही तपासूनच बूट फाइल चालवणारी सोय) चालू असेल तर सही नसलेली फाइल अडेल.