बटसर एन्शंट फार्म: पोरांच्या हातात खरं काम देणारी जागा (व्हॉलंटियरचा रिव्ह्यू)

इंग्लंडात दक्षिणेकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी लिहितेय. हॅम्पशायरमधलं बटसर एन्शंट फार्म बघितलं नसेल तर जरूर जा, आणि मधूनमधून एखादा दिवस मोकळा मिळत असेल तर सरळ व्हॉलंटियर व्हा. मला तर ही जागा प्रचंड आवडते.

हा देखावा नाहीये, हे आधी सांगते. पीटर रेनॉल्ड्स नावाच्या पुरातत्त्वज्ञाने 1972 मध्ये प्रयोग म्हणून हे शेत सुरू केलं, आत्ताच्या जागी ते 1991 पासून आहे. उत्खननात खांबांचे खड्डे सापडतात, त्या मापावर घर उभं करायचं आणि ते टिकतं का ते बघायचं. अश्मयुगापासून सॅक्सन काळापर्यंतची (म्हणजे रोमन गेल्यानंतरची) घरं आहेत, एक रोमन व्हिलापण आहे, पण माझा जीव लोहयुगातल्या गोल घरांवर.

त्या घरात मध्ये चूल पेटलेली असते आणि छपराला धुरांडंच नाही. शाळेची पोरं आत आली की कोणीतरी विचारतंच, धूर जातो कुठून? मग त्यांना खाली बसवून वर बघायला सांगायचं, धूर वर साठतो आणि गवताच्या छपरातून हळूहळू झिरपत बाहेर जातो, वरती भोक पाडलं तर हवा जोरात ओढली जाऊन ठिणग्या थेट गवतात जातील. हे ऐकताना पोरं जी गप्प होतात ना, ते बघायलाच मी जाते म्हटलं तरी चालेल.

भिंती म्हणजे आपला कूडच, फक्त कारवीऐवजी हेझल नावाच्या झुडपाच्या काठ्या विणलेल्या आणि वर माती, शेण, पेंढा कालवून लिंपलेलं. लिंपताना मिश्रण पातळ झालं की गोळा भिंतीवरून घसरून खाली येतो, दोनतीनदा असं झालं की पोरं कोणी न सांगता आपणहून पेंढा वाढवतात आणि अंगठ्याने दाबून दाबून काठ्यांच्या फटीत भरतात. मोठ्यांनी मध्ये लुडबुड करायची नाही, एवढं पाळलं की बास. टकळीवर लोकर कातणं, जात्यावर दळणं हेसुद्धा असंच, पोरांनाच करू द्यायचं.

रेनॉल्ड्सचा धान्याच्या खड्ड्यांचा प्रयोग तर मी येईल त्याला सांगते. एवढ्या पावसाच्या देशात जमिनीत धान्य टिकेल का अशी शंका होती, यांनी खडूच्या दगडात खड्डे खणून धान्य भरलं आणि तोंड मातीने लिंपून बंद केलं. कडेच्या दाण्यांना मोड येतात, ते आतला ऑक्सिजन संपवतात, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि बाकीचं धान्य वसंतापर्यंत नीट राहतं, पेरलं तर उगवतंसुद्धा. अहो, हे तर आपलं पेव! सांगलीजवळ हरिपूरला हळद अशीच पेवात ठेवायचे. आणि पुणे जिल्ह्यात इनामगावला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात ताम्रपाषाण काळातली (तांबं आणि दगड दोन्ही वापरायचे तेव्हाची) गोल घरं, चुली, साठवणीचे खड्डे सगळं मिळालंय, त्या मापावर एक घर शिरूरकडे कुठेतरी उभं राहिलं आणि पुण्याच्या शाळांची ट्रिप तिथे शेण कालवायला गेली तर किती भारी होईल, मला हे मनापासून वाटतं.

आता प्रॅक्टिकल. पाऊस पडला की चिखल भरपूर, गमबूट हवेतच, थंडीत बोटं गारठतात आणि कपड्यांना धुराचा वास बसतो तो एका धुण्यात जात नाही. ए थ्री रस्त्यापासून जवळ आहे, स्वतःची गाडी असेल तर सोप्पं पडतं. इतिहासाची डिग्री वगैरे लागत नाही, बागकाम येत असेल, सुतारकाम येत असेल, लहान मुलांशी बोलता येत असेल तरी भरपूर काम आहे. आजीआजोबा इंडियातून आले असतील तर त्यांनाही न्या, कूड आणि जातं पोरांना तेच जास्त चांगलं समजावतील.