रानकपाशी निवडताना: हवाईची की गॅलापॅगोसची?

नागपुरात कापूस पैदाशीवर प्रबंध करायचा म्हटलं की रानकपाशीशी संकराचा विषय निघतोच. त्यात बेटांवरच्या दोन जातींवर येऊन बरेच जण अडतात: हवाईची गॉसिपियम टोमेंटोसम आणि गॅलापॅगोसची गॉसिपियम डार्विनी. दोन्हींत अमेरिकन कपाशीइतकीच, 52 गुणसूत्रं. त्यामुळे देशी कपाशीशी संकर करताना तिच्या 26 गुणसूत्रांशी जोडी न जुळण्याची जी कटकट असते, ती इथे नाही. रुईसाठी मात्र दोन्हींकडे पाहू नका. आखूड, तपकिरी माल.

जनुकीय विविधतेत डार्विनी पुढे. इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून गॅलापॅगोस सुमारे 1,000 किलोमीटर. हवाई मुख्य भूमीपासून साडेतीन हजारांहून जास्त. इतकं पाणी ओलांडून जिवंत पोचलेलं बी मोजकंच असणार, म्हणून टोमेंटोसमचा गोतावळा बराच एकसारखा. पण डार्विनीच्या आकड्यांवर भाळण्याआधी एक पाहा. वेंडेल आणि पर्सी या संशोधकांनी 1990 मध्ये दाखवलं की तिच्यात लागवडीच्या बार्बाडेन्स (लांब धाग्याच्या) कपाशीची जनुकं मिसळलेली आहेत. म्हणजे जिला रानटी विविधता म्हणायचं, तिचा काही वाटा शेतातूनच तिकडे गेलेला!

विदर्भाचं दुखणं किडींचं, आणि तिथे माझं मत टोमेंटोसमला. अमेरिकन कपाशीचं पान उलटं करून मधली शीर बघा. देठापासून थोडं वर बारीक खळगा, त्यात चकाकणारा थेंब, बऱ्याचदा त्यावर मुंगी. टोमेंटोसमच्या पानाला ही मधुग्रंथी नसते. हा गुण 1960 च्या सुमारासच अमेरिकन कपाशीत उतरवला गेला; मधावर येणाऱ्या किडींचा आणि बोंडअळीच्या पतंगांचा खुराक त्याने तुटतो. मात्र ढालकिडे, क्रायसोपासारखे मित्रकीटकही त्याच थेंबावर जगतात, त्यांचंही पोट मारलं जातं. टोमेंटोसमच्या पानांवरच्या दाट लवेचंही तसंच: तुडतुड्यांना अडचण, पांढऱ्या माशीला सोय.

डार्विनी ही बार्बाडेन्सची सख्खी बहीण. अमेरिकन आणि बार्बाडेन्सच्या संकरात पहिली पिढी जोमदार असते (अशाच संकराचं 1972 चं वरलक्ष्मी वाण आठवा), पण दुसऱ्या पिढीपासून झाडं विस्कटतात. डार्विनीतही तीच धास्ती धरा आणि बॅकक्रॉससाठी (संकर पुन्हा पुन्हा अमेरिकन कपाशीशी जुळवण्यासाठी) पुरेसे हंगाम हाताशी ठेवा. एम.एस्सी.च्या दोन वर्षांत ते बसत नाही.

दिवसमानाचाही विचार करा. रानकपाशी बहुधा दिवस लहान झाल्यावर पाते (कळ्या) धरते. हवाईतलं होनोलुलू आणि नागपूर दोन्ही 21 उत्तर अक्षांशाच्या आसपास, म्हणजे टोमेंटोसमला इथलं दिवसमान ओळखीचं. गॅलापॅगोस विषुववृत्तावर, तिथे बारा महिने बारा तासांचा दिवस. या दोन्ही जातींना इथे फूल कधी येतं, हे प्रस्ताव लिहिण्याआधी वर्धा रोडवरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत विचारून घ्या.

पीएच.डी. असेल आणि विषयच बेटाबेटांतल्या फरकाचा असेल, तर डार्विनी बेलाशक घ्या. फक्त नमुना कोणत्या बेटावरचा, वस्तीजवळचा की दूरचा, ही नोंद नसेल तर तो बाजूला ठेवा. कीड-प्रतिकारावर काम करायचं असेल तर टोमेंटोसम.