वासरू गाईखाली पाजायचं की बाटलीवर वाढवायचं?

मोठ्या गोठ्यात या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असतं: वासरू वेगळं. घरच्या दुधापुरती एकच गाय दारात असेल तर ते उत्तर जसंच्या तसं उचलू नये. आधी गाय कोणत्या जातीची आहे ते बघा, मग घरात दोन्ही वेळा गोठ्याकडे बघणारं माणूस कोण आहे ते.

पहिल्या दिवशी मात्र दोन्ही पद्धतींत सगळ्यात महत्त्वाचं काम एकच. गाईच्या पोटात असताना वासराला तिची प्रतिकारशक्ती मिळत नाही. ती चिकातूनच मिळते आणि वासराचं आतडं ती साधारण चोवीस तासच शोषून घेऊ शकतं, तेही दर तासाला कमी कमी. त्यामुळे जन्मल्यावर तासा-दोन तासांत चीक पोटात जायलाच हवा. दिवसभरात वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका, म्हणजे २५ किलोच्या वासराला अडीच लिटर. ‘वार (गर्भाचं आवरण) पडेपर्यंत पाजायचं नाही’ हे अजून कितीतरी घरांत ऐकू येतं, ते साफ चूक आहे. नाळेला टिंक्चर आयोडीन लावा. आणि खरवसाची घाई करू नका. तो दुसऱ्या दिवशीच्या चिकाचाही होतो, शेजारच्या वाट्या तोवर थांबतील.

आता गाय गीर, डांगी, देवणी, खिल्लार या देशी जातींपैकी असेल तर माझ्या मते वाद नाही, वासरू गाईखालीच. या गाई वासरू समोर असल्याशिवाय सहसा पान्हा सोडत नाहीत. वासरू दगावलं तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून केलेलं भोत पुढे उभं करायची वेळ येते ती यामुळेच. पान्ह्यासाठी ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन टोचणारे आहेत. ते गाईच्या मुळावर येतं आणि कायद्यानं गुन्हाही आहे.

गाईखाली पाजण्यात कष्ट कमी. दूध कोमट करा, बाटली उकळा, ही भानगड नाही. वासरू तोंड वर करून चोखतं, म्हणून दूध थेट पचायच्या जागी जातं आणि हगवण कमी लागते. कास नीट रिकामी होत असल्यानं दगडीची, म्हणजे कास सुजण्याची, भीतीही घटते. तोटा असा की वासरानं किती प्यायलं याचा अंदाज लागत नाही, आणि पिणारं वासरू असलेली गाय माजावर उशिरा येते. वासरासाठी एक सड राखायची जुनी रीत आहे. ती पाळायची तर सड रोज बदलावा. शेवटच्या धारा सर्वांत घट्ट, स्निग्ध असतात. त्या सगळ्या आपण ओढून घेतल्या तर वासराच्या वाट्याला पातळ दूध उरतं. गोऱ्हा (नर वासरू) झाला की नेमकं हेच होतं, कुणी कबूल करत नाही इतकंच.

एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) किंवा जर्सी संकरित गाय असेल तर पारडं बाटलीकडे झुकतं. ती वासराशिवाय दूध देते आणि तिचं दहा-बारा लिटर दूध लहान वासराला संपतही नाही. अशा गाईचं वासरू वेगळं करायचं असेल तर जन्मल्यावर लगेच करा. आठ दिवसांनी तोडलंत तर दोघं मिळून रात्रभर हंबरतील. बाटलीत दूध मोजून जातं, त्यामुळे वासरू मागे पडलं तर त्याच दिवशी कळतं. पण दूध अंगाच्या उबेइतकं कोमट हवं, वेळ ठरलेली हवी, बाटली रोज धुतलेली हवी. यात एकदा हयगय झाली की हगवण ठरलेलीच. बादलीपेक्षा चोखायला रबरी बोंडी असलेली बाटली बरी. जास्त दुधाच्या गाईची कास पहिले दोन-तीन दिवस पूर्ण रिकामी करू नका. कान गार पडले, मान कुशीवर टाकून बसली, तर दुग्धज्वर (अंगातलं कॅल्शियम घटून होणारा आजार) समजून लगेच डॉक्टर बोलवा.

दोन्ही पद्धतींत वासराला दुसऱ्या आठवड्यापासून थोडा भरडा, कोवळा चारा आणि पाणी समोर ठेवा. जंताचं पहिलं औषध डॉक्टरांना विचारून त्याच सुमारास द्या. मोठे गोल जंत आईच्या दुधातूनही येतात, म्हणजे बाटलीवरचं वासरूही सुटत नाही.

घरात दोन-तीन लिटर दूध पुरेसं असेल तर तिसरा मार्ग मला जास्त आवडतो. वासरू महिन्याचं झालं की रात्री त्याला वेगळं बांधायचं, सकाळी पान्हा सोडवून एकच धार काढायची आणि मग दिवसभर दोघांना एकत्र सोडायचं. दूध कमी मिळतं, पण संध्याकाळची धार सुटते. शिवाय लग्नाकार्याला बाहेरगावी जायचं असेल तर मध्यम दुधाच्या गाईपाशी वासरू तसंच ठेवता येतं. शेजाऱ्याला धार काढता येत नसली तरी चारापाणी घालता आलं की झालं.