बांधकाम चालू असलेला फ्लॅट घ्यावा की रिसेलचा? कागदांच्या बाजूने तुलना

बिल्डरकडून बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेताना काळजी असते ती पुढे काय होईल याची. रिसेलचा घेताना, आधी काय होऊन गेलंय याची. किंमत, स्टेशनचं अंतर, हवा-उजेड यांची तुलना सगळेच करतात. कागदांकडे मात्र टोकन देऊन झाल्यावर लक्ष जातं. माझ्या मावसबहिणीने पुण्यात घर शोधताना दोन्ही प्रकारचे फ्लॅट पाहिले आणि दोन्हीकडचे कागद मी तिच्यासोबत बसून वाचले, त्यावरून हे लिहितोय.

आधी पैशांचं, कारण ते लवकर आटपतं. पुणे महापालिकेच्या हद्दीत 70 लाखांच्या घरावर 7 टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे 4 लाख 90 हजार, आणि नोंदणी फी 30 हजार. हे दोन्हीकडे सारखं. खरेदी फक्त महिलेच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते. करारातली किंमत आणि रेडी रेकनरप्रमाणे (सरकारने ठरवलेल्या दरांप्रमाणे) येणारी किंमत यांत जी जास्त, तिच्यावर शुल्क लागतं. बांधकाम चालू असेल तर याच घरावर 5 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी साडेतीन लाख. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) मिळाल्यानंतर विकलेल्या घराला जीएसटी नाही आणि रिसेललाही नाही. किंमत 50 लाख किंवा त्याहून जास्त असेल तर 1 टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या नावे सरकारकडे आधीच भरायचा आयकर) कापून भरायची जबाबदारी घेणाऱ्याची. तो विकणाऱ्याच्या रकमेतून कापायचा, स्वतःच्या खिशातून वर घालायचा नाही. विकणारा परदेशात स्थायिक असेल तर हिशोब 1 टक्क्यावर थांबत नाही, कापणी बरीच मोठी होते. तिथे सीएला विचारल्याशिवाय एकही चेक फाडू नका.

नव्या घराच्या बाजूने सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे रेरा, घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा. 1 मे 2017 पासून महारेराचं, म्हणजे या कायद्याखालच्या महाराष्ट्रातल्या प्राधिकरणाचं, कामकाज सुरू झालं आणि घेणाऱ्याच्या हातात काही ठोस हक्क आले. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी 70 टक्के त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, ते जमीन आणि बांधकामासाठीच वापरायचे. ताबा वेळेत दिला नाही तर पैसे व्याजासह परत मागता येतात, किंवा घर ठेवून उशिराच्या काळाचं व्याज मागता येतं. ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरने तो स्वखर्चाने दुरुस्त करायचा. रिसेलमध्ये यातलं जवळजवळ काहीच मिळत नाही, कारण समोर बिल्डर नसतो, तुमच्यासारखाच एक माणूस असतो.

पण हक्क असणं वेगळं आणि चाव्या हातात पडणं वेगळं. आदेश मिळाला तरी वसुलीला वेळ जातो, आणि तोवर भाडं आणि हप्ता दोन्ही चालू राहतात. म्हणून महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान उघडून आधी एकच गोष्ट बघा: पूर्णत्वाची मूळ तारीख कोणती होती आणि आता कोणती आहे. बहिणीने पाहिलेल्या एका प्रकल्पात ती दोनदा पुढे गेली होती. माहितीपत्रकात त्याचा उल्लेखही नव्हता.

रिसेलमध्ये पहिला प्रश्न साखळीचा. बिल्डरपासून आजच्या मालकापर्यंत जितक्यांदा घर विकलं गेलं, तितके सगळे नोंदणीकृत करार, त्यांच्या नोंदणीच्या पावत्या आणि इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा व्यवहाराचा सारांश उतारा) हवेत. नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर (आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणाऱ्या कागदावर) घर ‘विकलं’ असेल तर मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केलंय. वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जुन्या नोंदी तपासल्याचा अहवाल, घ्या. घरावर कर्ज असेल तर मूळ कागद विकणाऱ्याच्या बँकेत असतात. मग तुमच्या बँकेचा चेक थेट त्या बँकेच्या नावे निघेल अशी व्यवस्था आधीच ठरवा. पार्किंगचंही विचारून घ्या. सोसायटीने वाटून दिलेली जागा मालक स्वतंत्र किंमत लावून विकू शकत नाही.

आणि मग वारस. मावसबहिणीला आवडलेल्या फ्लॅटचं शेअर सर्टिफिकेट (सोसायटीचं सभासदत्व दाखवणारा कागद) मी उलटून पाहिलं. मागच्या तक्त्यात वारलेल्या वडिलांच्या नावाखाली मुलाचं, म्हणजे आता विकणाऱ्या मालकांचं, नाव, निळ्या शाईतली सेक्रेटरींची सही आणि सोसायटीचा गोल शिक्का. एजंट म्हणाला, ‘क्लिअर आहे, नॉमिनी हेच होते.’ मी मालकांना विचारलं, भावंडं किती? ‘दोन बहिणी आहेत, पण त्यांना काही नकोय.’

नॉमिनीच्या, म्हणजे मालकाने आधी नेमून ठेवलेल्या माणसाच्या, नावे शेअर चढले म्हणून तो एकटा मालक होत नाही. सोसायटीच्या दृष्टीने तो वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासद असतो. वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं आणि आई आधीच गेलेली, त्यामुळे हिंदू वारसा कायद्याने तिन्ही भावंडांचा वाटा सारखा. बहिणींना खरंच काही नको असेल, पण ते नोंदणीकृत हक्कसोडपत्रावर (आपला वाटा सोडल्याच्या कागदावर) यायला हवं. मालकांची एक बहीण दुबईला. ती सहीला येणार नसेल, तर तिने तिथे केलेलं मुखत्यारपत्र भारतात आल्यापासून 3 महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घ्यायचं असतं. या कशात कोणाची लबाडी नव्हती. त्या घरात हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता, इतकंच.

घर नव्या मालकाच्या नावे करताना सोसायटी जो हस्तांतरण प्रीमियम घेते, त्याला शासनाने 25 हजारांची मर्यादा घातली आहे. त्याहून जास्त ‘देणगी’ मागितली तर लेखी मागणी द्यायला सांगा.

माझं मत सांगतो. भाडं भरत हप्ता पेलणार नसेल तर भोगवटा प्रमाणपत्र असलेलं रिसेलच घ्या, मात्र ‘कागद नंतर देतो’ म्हणणाऱ्याकडून नको. हातात तीन-चार वर्षं आहेत, स्वतःचं घर आहे आणि बिल्डरचे आधीचे प्रकल्प वेळेत झालेत, तर नव्याचा विचार करा. आणि घर विकणार असाल तर जाहिरात देण्याआधीच भावंडांची हक्कसोडपत्रं उरकून घ्या. गिऱ्हाईक दारात उभं असताना ती घाईत होत नाहीत.

मावसबहिणीने तो रिसेलचा फ्लॅट घेतला. विसार (आगाऊ रक्कम) म्हणून 1 लाखच दिला आणि विसार पावतीवर लिहून घेतलं: दोन्ही बहिणींची नोंदणीकृत हक्कसोडपत्रं 90 दिवसांत न आल्यास संपूर्ण रक्कम परत.