ओकलंडचा बेसबॉल संघ गेला, आता टोपी कोणाची घालायची?

सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या फ्रिमाँटहून बार्ट या लोकल रेल्वेत बसलं की सहावं स्टेशन कोलिझियम. स्टेशनावरचा पादचारी पूल ओलांडला की समोर ओकलंडच्या बेसबॉल मैदानाचं दार. मंगळवारी ऑफिस सुटल्यावर मुलीला घ्यायचं, डब्यात पराठे भरायचे (बाहेरचं खाणं आत चालायचं), सामना बघायचा आणि दुसऱ्या दिवशी शाळा असूनही वेळेत घरी पोचायचं, हे सगळं जमत होतं. मैदान देखणं होतं असं कोणी म्हणणार नाही. १९६६ सालचं काँक्रीटचं भांडं, मधूनच तुंबणारं सांडपाणी, आणि अमेरिकन फुटबॉलच्या रेडर्ससाठी १९९६मध्ये बांधलेल्या उंच सज्ज्यामागे झाकून गेलेल्या टेकड्या. पण वाटेवरचं होतं.

२६ सप्टेंबर २०२४ला अ‍ॅथलेटिक्स, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी ‘एज’, तिथे शेवटचं खेळले. टेक्सास रेंजर्सना ३-२ असं हरवलं, प्रेक्षक ४६,८८९. सुरुवातीचा मानाचा चेंडू टाकायला आलेल्यांत ओकलंडमध्येच वाढलेला रिकी हेंडरसन होता, ज्याने १९८२च्या एका हंगामात १३० बेस चोरले होते, म्हणजे पिचर चेंडू टाकत असताना पळून पुढचा टप्पा गाठला होता. त्याच डिसेंबरात रिकीही गेला.

तेव्हापासून बे एरियातल्या बऱ्याच घरांत हिरवी-पिवळी टोपी खुंटीला लटकली आहे आणि मुलं विचारतात, आता आपण कोणाचे? वाटा चार दिसतात. एजच्या मागे सॅक्रामेंटोला आणि पुढे लास व्हेगासला जायचं. किंवा खाडीपलीकडच्या, सॅन फ्रान्सिस्कोच्या जायंट्सचं व्हायचं. किंवा ओकलंडच्या नव्या, लहानशा बॉलर्सना आपलं म्हणायचं. नाहीतर कोणाचंच न होता नव्या संघाची वाट बघायची. संघ निवडताना लोक खेळाडू बघतात, विजेतेपदं मोजतात. मी एकच गोष्ट बघतो: आठवड्यातल्या एखाद्या साध्या संध्याकाळी, आधी काही न ठरवता, तिथे जाता येईल का?

एजच्या मागे गेलात तर

२०२५ ते २०२७ हे तीन हंगाम एजचा मुक्काम वेस्ट सॅक्रामेंटोच्या सटर हेल्थ पार्कमध्ये आहे. कागदोपत्री नाव नुसतं ‘अ‍ॅथलेटिक्स’, शहराचं नाव नाही. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याने दारावर पाटी लावू नये, तसं. नवं मैदान लास व्हेगासच्या स्ट्रिपवर, म्हणजे कॅसिनोंच्या रस्त्यावर, पाडलेल्या ट्रॉपिकाना हॉटेलच्या जागेवर उभं राहतंय. छत असलेलं, सुमारे ३३ हजार प्रेक्षकांचं, उद्घाटन २०२८मध्ये ठरलेलं. त्यासाठी नेवाडा राज्याने जून २०२३मध्ये ३८ कोटी डॉलरपर्यंतचा सरकारी पैसा मंजूर केला आणि त्याच नोव्हेंबरात बेसबॉलच्या मोठ्या लीगच्या (मेजर लीग) तीसच्या तीस संघमालकांनी स्थलांतराच्या बाजूने मत दिलं.

पुणेकरांना यातलं निम्मं नाटक ओळखीचं वाटेल. २०१८मध्ये कावेरीच्या आंदोलनामुळे चेन्नई सुपर किंग्जचे घरचे सामने गहुंज्याला हलवले गेले होते आणि पिवळे शर्ट घातलेले चाहते खास रेल्वेगाडीने चेन्नईहून पुण्याला आले होते. पुण्याने टाळ्याही मनापासून वाजवल्या. पण संघ चेन्नईचा आहे आणि चेन्नईला परत जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. सॅक्रामेंटोचं दुखणं वेगळं. तिथल्या पाहुण्याने जुनं घर मोडलंय, नव्या घराच्या भिंती अजून उभ्या राहताहेत आणि यजमानाच्या मनात आहे की आपण मोठ्या लीगला सांभाळू शकतो हे एकदा दिसलं, तर पुढे आपलाही नंबर लागेल.

यजमानाबद्दल मराठी वाचकाला सांगायलाच हवं. सटर हेल्थ पार्कवर मूळ बिऱ्हाड खालच्या लीगमधल्या रिव्हर कॅट्स संघाचं, आणि रिव्हर कॅट्सची मालकी आहे बास्केटबॉलच्या सॅक्रामेंटो किंग्जच्या मालकमंडळींकडे. त्यांचे म्होरके विवेक रणदिवे, जन्म मुंबईचा, तरुणपणी अमेरिकेत एमआयटीत गेलेले, टिब्को ही सॉफ्टवेअर कंपनी काढलेले. २०१३मध्ये किंग्ज सिअ‍ॅटलला जायच्या बेतात होते. एनबीएच्या मालकांनी २२ विरुद्ध ८ मतांनी ते स्थलांतर नाकारलं आणि रणदिव्यांच्या गटाने संघ घेऊन सॅक्रामेंटोतच ठेवला. म्हणजे एका शहराचा संघ जाता जाता थांबवणाऱ्या माणसाच्या अंगणात आज दुसऱ्या शहराचा गेलेला संघ उतरलाय. त्या वेळी सॅक्रामेंटो महापालिकेने नव्या क्रीडागृहासाठी मोठा सार्वजनिक वाटा उचलला होता. ओकलंडनेही हॉवर्ड टर्मिनल बंदरावरच्या मैदानासाठी वर्षानुवर्षं वाटाघाटी केल्या. एप्रिल २०२३मध्ये एजने व्हेगासमध्ये जागेचा करार जाहीर केला आणि तो विषय संपला. अब्जाधीश मालकासाठी तिजोरी उघडताना ओकलंडने हात आखडता घेतला असेल, तर मला त्यात चूक दिसत नाही. दुःख मात्र झालं.

आता व्यवहाराचं. फ्रिमाँटहून वेस्ट सॅक्रामेंटो शंभर मैलांच्या आसपास आणि मधला रस्ता संध्याकाळी कसा तुंबतो ते वेगळं सांगायला नको. कॅपिटॉल कॉरिडॉरची रेल्वे आहे. सॅक्रामेंटो स्टेशनवरून सोनेरी टॉवर ब्रिज चालत ओलांडला की मैदान. जाताना मजा येते. रात्रीच्या सामन्यानंतर परतीच्या गाडीचं काय, ते निघण्याआधीच बघून ठेवा. उन्हाळ्यात पारा ३८च्या वर जाणं तिथे नवलाचं नाही. दोन संघ एकच मैदान तुडवणार म्हणून आधी कृत्रिम गवत घालायचं ठरलं होतं, पण ते उन्हात तापतं म्हणून शेवटी खरं गवतच ठेवलं.

असं असूनही या तीन वर्षांचा एक फायदा दुसरीकडे कुठेच मिळणार नाही. मैदानात माणसं मावतात जेमतेम चौदा हजार. मोठ्या लीगचा पिचर चेंडू टाकताना हुंकारतो तो स्वस्तातल्या जागेवरूनही ऐकू येईल, इतके तुम्ही जवळ असता. आणि संघ तरुण आहे. निक कर्ट्झने पदार्पणाच्या वर्षी, जुलै २०२५मध्ये, ह्यूस्टनविरुद्ध एकाच सामन्यात चार होमरन (मैदानापार जाणारे फटके) मारले आणि अमेरिकन लीगचा (मोठ्या लीगच्या दोन गटांपैकी एक) सर्वोत्तम नवोदित ठरला. त्या शर्यतीत दुसरा आला तोही एजचाच, जेकब विल्सन. मूल दहा-बारा वर्षांचं असेल आणि त्याला खेळाची खरी गोडी असेल, तर वर्षातून दोन खेपा करायला हरकत नाही.

२०२८नंतरचा हिशोब मात्र वेगळा. व्हेगासला गाडीने आठ-नऊ तास, विमानाने दीडेक तास. ते सामना बघायला जाणं नव्हे, सहल काढणं झालं. सहलीला जरूर जावं. पण ज्याला ‘आपला संघ’ म्हणतात त्याच्याकडे विमानाने जायचं असेल, तर मग बोस्टन काय आणि व्हेगास काय.

जायंट्स

सोयीने बघितलं तर जायंट्सना तोड नाही. सनीव्हेल, माउंटन व्ह्यू, सॅन होजेच्या लोकांना कॅलट्रेन शेवटच्या स्टेशनवर सोडते, तिथून मैदान चार पावलांवर. फ्रिमाँटकरांना बार्टने एम्बार्काडेरो आणि पुढे ट्राम किंवा खाडीकाठाने चालणं. २०००मध्ये खासगी पैशाने उभं राहिलेलं ऑरेकल पार्क बेसबॉलच्या सर्वांत सुंदर मैदानांत मोजलं जातं; उजवीकडे मारलेला होमरन कधीकधी थेट पाण्यात पडतो आणि होड्यांतली माणसं तो पकडायला झेपावतात. २०१०, २०१२ आणि २०१४ची विजेतेपदं गाठीशी आहेत. तिकीट आणि खाणं दोन्ही महाग. जुलैतही जाकीट न्या.

अडचण मनाची आहे, आणि ती नीट कळावी म्हणून थोडा इतिहास. नव्वदच्या सुमारास जायंट्स स्वतःच दक्षिणेकडे, सँटा क्लारा काउंटीत जायला बघत होते. तेव्हाचे एजचे मालक वॉल्टर हास, लिव्हाईज जीन्सच्या घराण्यातले. शेजारधर्म म्हणून त्यांनी त्या काउंटीवरचा, म्हणजे तिथे संघ नेण्याचा, हक्क जायंट्सना एक पैसाही न घेता देऊ केला. तिथल्या मतदारांनी मैदानाला नकार दिला, जायंट्स जवळपास फ्लोरिडात निघाले होते ते थांबले, सॅन फ्रान्सिस्कोतच स्थिरावले. हक्क मात्र परत दिला नाही. पुढे एजला फ्रिमाँटमध्ये मैदान बांधायचं होतं, हो, आपल्याच फ्रिमाँटमध्ये. २००६च्या शेवटी योजना जाहीर झाली आणि २००९च्या सुरुवातीला गुंडाळली गेली. मग सॅन होजेचा विचार झाला, तर जायंट्सनी तो जुना हक्क पुढे केला. सॅन होजे शहर कोर्टात गेलं. पण १९२२पासून बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट आहे. तिच्यापुढे काही चाललं नाही आणि २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला.

हे सगळं माहीत असलेला जुना एजवाला नारिंगी-काळी टोपी घालेल असं मला वाटत नाही. पण तुम्ही गेल्या दोन-चार वर्षांत पुण्या-नागपुराहून इथे आला असाल, तर हे वैर तुमचं नाही. डोक्यावर घेऊ नका, सरळ जायंट्सचे व्हा. एक गंमत तेवढी लक्षात ठेवा: सॅक्रामेंटोचे रिव्हर कॅट्स म्हणजे जायंट्सची रोपवाटिका, त्यांचे होतकरू खेळाडू तिथे तयार होतात. ज्या शेजाऱ्याने सॅन होजेचं दार लावलं, त्याच्याच पोरांबरोबर आज एज मैदान वाटून घेताहेत.

बॉलर्स

ओकलंड बॉलर्स २०२४मध्ये सुरू झाले. वेस्ट ओकलंडमधलं रायमोंडी पार्क, चारेक हजार माणसांची सोय, बार्टच्या वेस्ट ओकलंड स्टेशनपासून मैलभर. लीग पायोनियर, म्हणजे मोठ्या लीगपासून कितीतरी पायऱ्या खाली. खेळाचा दर्जा त्याच मापाचा: झेल सुटतात, पिचर भरकटतात. बरोबरी झाली तर जादा डाव नाहीत, होमरन मारण्याची चुरस लावून निकाल, आणि पोरं त्यासाठी बरोबरीच व्हावी म्हणून देव पाण्यात घालतात. चाहत्यांना संघात छोटी गुंतवणूक करू दिली आहे. दुसऱ्याच हंगामात, २०२५मध्ये, त्यांनी लीग जिंकली. त्याच वर्षी एका सामन्यात डावपेच ठरवायचं काम एआयकडे दिलं होतं. दिवसभर तेच करून आलेल्या आपल्या आयटीवाल्यांनी संध्याकाळीही तेच बघावं, याला काय म्हणावं!

इथे खेळाडू टिकणार नाहीत, चांगला असेल तो वर जाईल. टीव्हीवर चर्चा नाही. पण मंगळवारची संध्याकाळ इथे जमते. हंगाम मेच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंतच असतो, तेवढं ध्यानात असू द्या.

वाट बघायची?

काहींना वाटतं, लीगचा विस्तार होईल तेव्हा ओकलंडला नवा संघ मिळेल. मागचे दाखले दोन्ही प्रकारचे आहेत. एज मुळात फिलाडेल्फियाचे. १९५५मध्ये ते कॅन्सस सिटीला गेले आणि १९६८मध्ये तिथून ओकलंडला आले. आपल्याला ती लॉटरी लागली तेव्हा कॅन्सस सिटीत कोणीतरी अशीच टोपी खुंटीला लावली असणार. त्यांना १९६९मध्येच रॉयल्स मिळाले. सिअ‍ॅटलचा संघ १९७०मध्ये मिलवॉकीला गेला, नवा १९७७मध्ये आला. वॉशिंग्टनचा १९७१नंतर गेला आणि तिथले लोक थेट २००५पर्यंत थांबले. तेव्हाही मिळाला तो माँट्रिऑलमधून उचललेला, आणि माँट्रिऑल अजून थांबलंच आहे. सध्या विस्ताराच्या गप्पांत नॅशव्हिल, सॉल्ट लेक सिटी, पोर्टलंड ही नावं पुढे असतात. बास्केटबॉलचे वॉरियर्स २०१९मध्ये खाडीपलीकडे गेले, रेडर्स २०२०मध्ये व्हेगासला, त्यांच्यामागून एज. या शहरावर पुन्हा पैसा लावायला कोणी लवकर पुढे येईल, या आशेवर मुलीचं बालपण घालवायची माझी तयारी नाही.

आमच्या घरी बॉलर्सची टोपी आली. जुनी हिरवी-पिवळी खुंटीवरच आहे, ती टाकून द्यायचा विषय निघाला तेव्हा मुलीने काढू दिली नाही. २०२७चा हंगाम संपायच्या आत एकदा सॅक्रामेंटोला जायचं ठरलंय, कर्ट्झसाठी. एप्रिलमध्ये, ऊन तापायच्या आधी.