घरच्या गणपतीची आरास: साडी, पुठ्ठा, कळक की फुलं?

नारळी पौर्णिमा झाली की कोल्हापुरात घरोघरी एकच विषय: यंदा आरास काय करायची? मुलांना पन्हाळा हवा असतो, घरातल्या बाईला पुसायला-झाडायला सोपं काहीतरी हवं असतं, आणि ज्याला माळ्यावर चढून सगळं उतरवायचं असतं त्याला काहीच नको असतं. थर्माकोलचा सोपा रस्ता राज्य सरकारनं मार्च २०१८ च्या अधिसूचनेनं बंद केला. तेव्हापासून हातानं करणाऱ्यांपुढं चार पर्याय उरलेत: साडी किंवा कापडाचं मखर, पुठ्ठ्याचं मखर, कळकाचं म्हणजे बांबूचं मखर आणि फुलापानांची आरास.

माझं मत आधीच सांगून टाकतो. दोन-तीन खोल्यांच्या घरात आणि नोकरी सांभाळून करायचं असेल तर साडीचं मखर. घरात आठ-बारा वर्षांची पोरं असतील आणि दोन रविवार मोकळे असतील तर पुठ्ठा. बाकीचे दोन्ही चांगले आहेत, पण सगळ्यांसाठी नाहीत.

आधी दिवसांचा हिशेब करा. आपल्याकडं बहुतेक घरगुती गणपती गौरीबरोबर जातात आणि गौरी नक्षत्रावर चालतात. अनुराधावर येतात, ज्येष्ठावर जेवतात, मूळावर निघतात. त्यामुळं मुक्काम दर वर्षी सारखा नसतो. २०२४ ला गणपती ७ सप्टेंबरला बसले आणि १२ ला गेले, म्हणजे सहा दिवस. २०२५ ला २७ ऑगस्ट ते २ सप्टेंबर, सात दिवस. आरास एवढे दिवस उभी राहिली पाहिजे, तीही भर पावसाळी हवेत. शिवाय चौथ्या-पाचव्या दिवशी गौरी येते, दुसऱ्या दिवशी तिचा नवरा शंकरोबा येतो. गणपती मधोमध बसवून दोन्ही बाजू सजवून टाकल्या तर गौराईला कोपऱ्यात ढकलावं लागतं, आणि मग सासूबाईंचं तोंड बघण्यासारखं होतं. जागा आधीच सोडा.

माप मूर्तीवरून घ्यायचं. शाहूपुरी, गंगावेश किंवा बापट कॅम्पात मूर्ती ठरवली की तिथंच टेप लावा, प्रभावळीसकट उंची आणि पाटाची रुंदी लिहून घ्या. एक फुटी मूर्तीला ३ फूट रुंद, २ फूट खोल आणि ३ फूट उंच मखर पुरतं, कारण चौरंगाची उंचीही त्यात जाते. मूर्तीच्या डोक्यावर निदान वीतभर जागा हवी आणि बाजूनं हात आत जायला हवा. रोज हार काढायचा असतो, निर्माल्य उचलायचं असतं. मखर सुंदर आणि हात जात नाही, असं झालं की दुसऱ्या दिवशीपासून घरात कुरकुर सुरू होते.

आता साडीचं मखर. याचा सांगाडा लायटीच्या पाइपचा करायचा, म्हणजे भिंतीतून वायर न्यायला इलेक्ट्रिशियन वापरतात तो २५ मिलिमीटरचा पाइप. नळाच्या पाइपापेक्षा हलका आणि स्वस्त असतो, आणि १० फुटी लांबीत कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. वर सांगितलेल्या मापाला तीन पाइप लागतात. पहिल्या दोन पाइपांतून प्रत्येकी ३ फुटांचे दोन आणि २ फुटांचे दोन तुकडे काढा. तिसऱ्यातून ३ फुटांचे तीन. म्हणजे ३ फुटी सात झाले: चार उभे खांब, वर पुढं-मागं दोन आणि खाली मागं एक. २ फुटी चार झाले, ते वर-खाली बाजूंना. खाली पुढचा आडवा पाइप घालायचाच नाही, नाहीतर आरतीचं ताट घेऊन वाकताना पाय अडकतो.

अडचण कोपऱ्यांची. तीन दिशांना तोंड असलेला जोड सहा कोपऱ्यांना लागतो आणि तो प्रत्येक दुकानात मिळेलच असं नाही. नाही मिळाला तर एक टी आणि एक एल्बो घ्या आणि मध्ये दोन इंची तुकडा घालून जोडा. तिसऱ्या पाइपचा उरलेला फूटभर तुकडा नेमका सहा कोपऱ्यांना पुरतो. सोल्युशन लावू नका. कोरडेच घट्ट बसवा, म्हणजे विसर्जनाच्या रात्री पाच मिनिटांत सुटे होतात आणि सगळा सांगाडा एका जुडग्यात दाराआड मावतो.

कापडासाठी सहावारी साडी साडेपाच मीटरची असते, आणि मागची व दोन बाजू मिळून ७ फूट भरतात, म्हणजे जेमतेम दोन मीटर आणि थोडं वर. अडीचपट कापड हातात असल्यामुळं चुण्या भरगच्च पडतात. एक साडी मागं-बाजूंना आणि दुसरी वर झालरीला, बस्स. काठ पुढं दिसेल असा धरा. पैठणी, इरकल असली तर टाचण्या साडीत घालू नका. पाइपवर आधी जुना पांढरा कपडा गुंडाळून टाका आणि साडी त्याला टाक्यांनी धरा किंवा कपडे वाळवायचे चिमटे मागून लावा. जरीत पडलेलं भोक जात नाही. नवं कापडच घ्यायचं असेल तर गांधीनगरात मीटरवर घ्या, आणि लेस-गोंडे महाद्वार रोडला.

साडीवर माझा एकच आक्षेप आहे, तो आगीचा. सिंथेटिक साडी जळते तेव्हा वितळून खाली टपकते आणि कातडीला चिकटते. सुती किंवा रेशमी असली तरी समई, निरांजन आणि धूप कापडापासून हातभर लांबच हवेत. कापूर आरती मखराच्या बाहेर उभं राहून करा. पोरं आरतीला भारी जोरात असतात, ताट कुठं जाईल सांगता येत नाही.

आणखी एक जण विचारणारच: पाइपही प्लास्टिकचाच की. बरोबर आहे. एका वर्षी वापरून फेकून दिला तर थर्माकोलला नावं ठेवायचा आपल्याला हक्क नाही. मुळीच नको असेल तर सुताराकडून दीड इंची रिपा त्याच मापात कापून घ्या आणि नट-बोल्टनं जोडा. जड होतं, ठेवायला जागा जास्त लागते, पण दिसायला पाइपापेक्षा देखणं, आणि कापड कमी असलं तरी खपून जातं.

पुठ्ठ्याचं गणित उलटं आहे. साहित्य जवळजवळ फुकट, वेळ भरपूर. फ्रीज किंवा वॉशिंग मशीनचं खोकं मिळवा. राजारामपुरीतल्या एखाद्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आठवडाभर आधी सांगून ठेवलं की देतात. पाच प्लायचा, म्हणजे पाच थरांचा पुठ्ठा घ्या. साबण-बिस्किटांची खोकी तीन प्लायची असतात, ती नक्षीला ठीक, खांबाला नाहीत. पुठ्ठ्याच्या पोटात नळ्या असतात. खांब आणि कमान कापताना त्या उभ्या राहतील असं बघा. आडव्या ठेवल्या तर दोन दिवसांत खांब कमरेत वाकतो. घडी घालायची तिथं पट्टी ठेवून आतल्या बाजूचा कागद फक्त चिरायचा, आरपार नाही.

खळ लावायची तर मैद्याची करा. ग्लू गन झटपट आहे, पण मुलांच्या हातात देऊ नका, त्या गोंदाचा चटका वाईट असतो. खळीला मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, बाइंडर लोक घालायचे, त्यानं झुरळं आणि बुरशी लांब राहते. पण मोरचूद विषारी असतो, पोरं चिकटवायला बसणार असतील तर तो विसरा. सांध्यांवर वर्तमानपत्राच्या पट्ट्या मारा आणि रात्रभर पंख्याखाली ठेवा. भाद्रपदातल्या आपल्या हवेत खळ दोन तासांत वाळत नाही, कितीही घाई असली तरी.

रंगाची एक गोष्ट कुणी सांगत नाही. पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला पाण्याचा रंग मारला की ती बाजू फुगते आणि अख्खा पुठ्ठा वाक धरतो. मागच्या बाजूलाही एक हात मारायचा, मग तो सरळ राहतो. मागं कुणी बघणार नाही, म्हणून कुठलाही उरलेला डिस्टेंपर चालतो.

पुठ्ठ्यात जे होतं ते साडीत होत नाही. भवानी मंडपाची कमान, रंकाळ्याचा घाट, पन्हाळ्याचा तीन दरवाजा, सगळं पुठ्ठ्यात काढता येतं, आणि पोरं त्यात अशी गुंततात की मोबाइल शोधत नाहीत. पण विसर्जनानंतर त्याचं काय? सुटं होत नसेल तर पलंगाखाली जात नाही. माळ्यावर ठेवलं तर पुढच्या वर्षीपर्यंत दमट होऊन मऊ पडतं आणि खळीवर झुरळं ताव मारतात. चमकी लावली असेल तर रद्दीवालाही नाक मुरडतो. म्हणून पुठ्ठा करायचाच तर एका वर्षापुरता करा, चमकी लावू नका आणि दसऱ्याआधी रद्दीत घाला. जपून ठेवायच्या हट्टापायी माळा भरवू नका. बाजारातल्या तयार घडीच्या मखरांनाही हाच नियम लावा. "इकोफ्रेंडली" असं लिहिलेलं असतं, हात लावून बघा. सनबोर्ड आणि फोम शीट म्हणजे प्लास्टिकच, नाव फक्त वेगळं.

कळकाचं थोडक्यात. बुरूड गल्लीत कामट्या, म्हणजे कळकाच्या पट्ट्या मिळतात, सांगितलं तर मखराचा सांगाडाही विणून देतात, आणि खरं सांगायचं तर तो विणूनच घ्यावा. कामटी सोलायला कोयता आणि हाताची सवय दोन्ही लागतात. नवख्याच्या बोटात कूस जाते आणि तीन दिवस ठणकते. कळकाला भुंगा लागतो, सांध्यांखाली पिवळी पूड पडायला लागली की समजायचं. पाण्यात काही आठवडे मुरवलेला कळक घेतला तर आतलं पिष्ट निघून जातं आणि भुंगा कमी लागतो, म्हणून विकणाऱ्याला तेवढं विचारा. हे मखर दहा वर्षं वापरणार असाल आणि घराला पोटमाळा असेल तरच परवडतं. पेठेतल्या जुन्या घरांना शोभतं, फ्लॅटमध्ये ते बाराही महिने अडगळ होतं.

फुलापानांची आरास सगळ्यांत देखणी आणि सगळ्यांत अल्पायुषी. शिंगोशी मार्केटला पहाटे गेलं तर झेंडू, शेवंती, निशिगंध ताजे मिळतात, पण चतुर्थीच्या आदल्या दिवशी भाव विचारायचे नसतात. केळीचे खुंट दोन्ही बाजूंना बांधले की दोन मिनिटांत घर सणाचं दिसायला लागतं. मात्र केळीचा चीक कपड्यावर पडला तर काळा डाग पडतो आणि तो कशानंही जात नाही. कापलेल्या तोंडाला कागद गुंडाळा, खाली वर्तमानपत्र अंथरा आणि साडीच्या मखराला खुंट टेकवू नका. केळीचं पान तिसऱ्या दिवशी कडेनं पिवळं पडतं. झेंडूच्या माळा दमट हवेत चौथ्या दिवशी आतून काळ्या होतात आणि वास सुटतो. सात दिवसांसाठी म्हणजे निदान दोनदा बदलणं आलं. म्हणून फुलं ही मुख्य आरास न करता वरची आरास म्हणून वापरा: पहिल्या दिवशी एकदा, गौरीच्या जेवणाच्या दिवशी एकदा. विसर्जनाला इराणी खणीकडं किंवा चौकातल्या काहिलीकडं जाताना निर्माल्याची पिशवी वेगळी ठेवा आणि त्यात लेस, दोरा, चमकी जाऊ देऊ नका.

लायटीच्या माळा चारही पर्यायांना लागतात, आणि इथं सगळ्यांची चूक एकच असते. स्वस्तातल्या एलईडी माळेत एकेका दिव्याला वीज कमी लागत असली तरी वायरीतून २३० व्होल्ट घरचीच वीज फिरत असते. तुटलेली माळ पिळून जोडायची आणि त्यावर सेलो टेप मारायची, हे बंद करा. माळच नवी आणा. हॅलोजनचा फोकस साडीवर किंवा पुठ्ठ्यावर रोखू नका, त्याचा ताप कागद करपवण्याइतका असतो. एलईडीचा पिवळसर फोकस त्यापेक्षा बरा.

वर्षभराचा उपयोग बघितला तर साडीचा सांगाडा पुन्हा पुढं जातो. खांब ३ फुटांऐवजी ६ फुटांचे कापून आणखी एक संच करून ठेवला तर तोच डोहाळजेवणाला झोपाळ्यामागं उभा राहतो, बारशाला पाळण्यामागं, आणि पोराच्या वाढदिवसाला फोटो काढायच्या भिंतीपुढं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काळी साडी, बारशाला फिकट गुलाबी, एवढाच फरक. उंच सांगाड्याच्या खालच्या पाइपांत मात्र वाळू भरा किंवा पायाला विटा बांधा. पंखा सुरू झाला की साडी हवा धरते आणि सगळं पुढं येतं.

आणि चतुर्थीला तीनच दिवस उरले असतील तर पुठ्ठा-कळक काही बघू नका. आज पाइप आणा आणि कापा, उद्या साडी लावा, आदल्या संध्याकाळी केळीचे खुंट आणि कपिलतीर्थ मंडईतून आंब्याचे डहाळे. फुलं चतुर्थीच्याच दिवशी पहाटे.