मनगटाचं फ्रॅक्चर आणि प्लास्टर: १४ महिन्यांनंतरचा माझा अनुभव

पाय घसरला, हात टेकायला गेले आणि उजव्या मनगटाजवळ रेडियसचं, म्हणजे अंगठ्याच्या बाजूचं, हाड मोडलं. वय ६७. डॉक्टरांनी ओढून हाड बसवलं, प्लास्टर घातलं, पण पुढच्या एक्सरेत ते परत थोडं सरकलेलं निघालं आणि आता ऑपरेशन करून धातूची प्लेट टाकायची की असंच जुळू द्यायचं हे माझ्यावर आलं. मुलीने तेव्हा ऑस्ट्रियातला २०११चा एक अभ्यास वाचून दाखवला, ६५ आणि त्यापुढच्या ७३ पेशंटचा. प्लेटवाल्यांचे एक्सरे छान, मुठीची ताकदही जास्त, पण वर्षभराने हालचालीत आणि रोजच्या कामात दोन्हीकडे फारसा फरक नाही. मी प्लास्टरच ठेवलं. तरुण माणसाने मात्र माझं बघून ठरवू नका, त्यांचा हिशोब वेगळा असतो.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं तेव्हा वाटलं सुटले, पण खरं काम तिथून सुरू झालं. हात बारीक झालेला, बोटं सुजलेली, मूठच वळेना. प्लास्टरमध्ये असताना बोटं आणि खांदा पहिल्या दिवसापासून हलवायचा असतो हे मला कोणी सांगितलंच नाही, मी आपली हात झोळीत घालून जपत बसले, आणि याचा राग अजून येतो कारण पुढचे तीन महिने नुसती बोटं सोडवण्यात गेले.

तिसऱ्या महिन्यात किल्ली फिरवता आली, सहाव्यात टॉवेल पिळता आला, मुठीत जोर मात्र वर्ष होईपर्यंत हळूहळू येत राहिला. सगळ्यात उशिरा आलं ते तळहात वर करणं. सुट्टे पैसे हातावर घ्यायचे तर कोपर अंगाला चिकटवून पूर्ण खांदा वाकवावा लागायचा. मनगट अजून किंचित वाकडं दिसतं, करंगळीच्या बाजूला हाड वर आलंय, जमिनीवर हात टेकून उठताना तिथेच दुखतं, बाकी कामाला अडत नाही.

माझ्या जावेला प्लेट टाकली होती. तिचं मनगट दोन आठवड्यांतच हलवायला लावलं, त्यामुळे सुरुवातीला ती माझ्या खूप पुढे होती. पण तिला सांगून ठेवलंय की अंगठा वाकवताना काही अडकल्यासारखं झालं तर लगेच दाखवा, प्लेटच्या कडेवर स्नायूची दोरी घासून तुटू शकते. अंगठा वर उचलणारी दोरी तर प्लास्टरवाल्यांचीही काही आठवड्यांनी तुटू शकते, अगदी हाड सरकलेलं नसलं तरी. आणि दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल, हात लाल, गरम, चकचकीत दिसत असेल तर थांबू नका प्लीज.

पन्नाशीनंतर नुसतं उभ्याउभ्या पडून मनगट मोडलं असेल तर हाडांच्या घनतेची डेक्सा टेस्ट करूनच घ्या, माझा ठिसूळपणा त्यातच कळला आणि औषध सुरू झालं, नाहीतर पुढचा नंबर खुब्याचा लागला असता.

अजून रोज रात्री हातोडीचा दांडा धरून मनगट डावी-उजवीकडे फिरवते, फिजिओने शिकवलेलं. गेल्या महिन्यात पहिल्यांदा सुट्टे पैसे खांदा न वाकवता घेतले.